समुपदेशक व्हायचंय, मग एम.ए. कुठून करायचं?

बी.ए.चा निकाल लागला की जून-जुलैत माझ्याकडं मुलं यायला लागतात. बहुतेक मुलीच. कुणी जतहून, कुणी विट्याहून, कुणी कराडला गाडी बदलून. हातात दोन-तीन माहितीपत्रकं, मोबाइलमध्ये कॉलेजांच्या जाहिरातींचे फोटो, सोबत आई नाहीतर भाऊ. मुलगी विचारते, "मॅडम, यातलं कुठलं चांगलं?" भाऊ विचारतो, "सगळी मिळून फी किती जाईल?" आई विचारते, "हे शिकून नोकरी लागती का?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिघांनाही मी जमेल तसं उत्तर देते. पण ज्या प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं, तो त्यांच्यातलं कुणी विचारत नाही. या दोन वर्षांत ही मुलगी किती माणसांसमोर प्रत्यक्ष बसणार, आणि ती चुकली तर तिला तिची चूक कोण दाखवणार?

मी सांगलीत समुपदेशनाचं काम करते. हा लेख त्या मुलींसाठी आहे, आणि दाराबाहेर चपला काढून संकोचून बसलेल्या त्यांच्या आयांसाठीही.

आधी पाटीवरचे शब्द नीट समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथंच असतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. एमबीबीएस करून पुढं मनोविकारशास्त्रात शिकलेला, औषध लिहून देऊ शकणारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. मनाच्या आजारांचं मूल्यमापन, चाचण्या आणि बोलण्यातून करायचे उपचार हे त्याचं काम. हे नाव मात्र कुणालाही लावता येत नाही. १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, वैधानिक संस्था झाली. तिनं मान्य केलेलं शिक्षण घेऊन तिच्या रजिस्टरमध्ये नाव लागल्याशिवाय कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही व्याख्या करताना याच परिषदेच्या मान्यतेचा आधार घेतला आहे.

आणि समुपदेशक? या नावाला असं कुंपण अजून पडलेलं नाही. त्यामुळं एम.ए. करून, कित्येक तास माणसांसोबत काढून तयार झालेली व्यक्तीही समुपदेशक, आणि शनिवार-रविवारचं शिबिर करून प्रमाणपत्र भिंतीला लावणाराही समुपदेशक. मला याचा त्रास होतो, कारण दोघांच्या खुर्चीसमोर बसणारं माणूस सारखंच घाबरलेलं असतं.

चित्र बदलतं आहे. २०२१ साली सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. आरसीआयकडं असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक या कायद्याच्या यादीत आले. याचा पहिला मोठा परिणाम विद्यार्थ्यांना २०२५ मध्ये दिसला. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली. आमच्या भागातल्या अनेक बायकांनी संसार सांभाळून, घरबसल्या मानसशास्त्राचं एम.ए. केलं आहे आणि त्यातल्या काही जणी उत्तम काम करतात. त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी ते दार बंद झालं, याचं मला वाईट वाटतं. पण आज कुणी "घरी बसून मानसशास्त्राचं एम.ए. करा, नवीन प्रवेश सुरू" म्हणत असेल तर पैसे भरू नका. आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर मान्यता तपासा.

तर पहिला निर्णय हा: क्लिनिकल व्हायचंय की समुपदेशन करायचंय? क्लिनिकल व्हायचं असेल तर रस्ता लांब आहे. आजवर एम.ए. झाल्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. करावं लागायचं. जागा थोड्या, प्रवेश परीक्षा कडक. त्यासाठी आपल्याकडची मुलं बंगळूरच्या निम्हान्सची किंवा पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेची तयारी करत आली. यूजीसीनं एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांना फक्त २०२५-२६ पर्यंत मुभा होती. म्हणून या वाटेला जाणाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईचा सल्ला डोळे झाकून घेऊ नये. त्या-त्या वर्षी आरसीआयची मान्य अभ्यासक्रमांची यादी स्वतः उघडून बघावी. नुसतं "एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी" असं गुणपत्रिकेवर छापलेलं असणं आणि त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वर्षं घालवल्यावर हा फरक कळलेल्या मुली माझ्यासमोर रडल्या आहेत.

समुपदेशनच करायचं असेल तर एम.ए. हा मुख्य रस्ता. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. कोल्हापूरला मानसशास्त्राचं एम.ए. करता येतं. साताऱ्यात आता रयतचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही उभं राहिलं आहे. साताऱ्याच्या मुलांना पुणे आणि कोल्हापूर जवळपास सारख्याच अंतरावर पडतं, त्यामुळं त्यांची ओढाताण जास्त. सांगली-मिरजेच्या मुलांना कोल्हापूर रेल्वेनं जाऊन-येऊन करता येतं.

आणखी एक वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे एम.एस.डब्ल्यू., समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. साताऱ्याजवळ जकातवाडीला आणि कोल्हापूरला सायबर नावाच्या संस्थेत समाजकार्याचं शिक्षण मिळतं. समाजकार्यात क्षेत्रकार्य हा शिक्षणाचा कणाच असतो. आठवड्यातले ठरावीक दिवस संस्थेत, वस्तीत, दवाखान्यात जायचं, लिहून आणायचं आणि शिक्षकासमोर मांडायचं. सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रांवर मानसशास्त्रवाले आणि समाजकार्यवाले दोघंही काम करतात. सांगलीत संग्राम संस्थेनं १९९२ पासून शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत एचआयव्हीचं जे काम उभं केलं, ते ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना विचारा. समुपदेशन खोलीबाहेरही असतं हे त्यांना सांगावं लागत नाही. ज्या मुलीला एका माणसाच्या मनापेक्षा त्याचं घर, गाव, पैसा, जात हे सगळं मिळून काय करतं यात जास्त रस आहे, तिला मी सरळ एम.एस.डब्ल्यू.कडं वळवते.

आता तासांचा हिशेब. यावर मी जरा थांबणार आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दोन वर्षांचं एम.ए. ८८ श्रेयांकांचं, म्हणजे क्रेडिटचं, झालं. त्यात संशोधन पद्धती आहे, संशोधन प्रकल्प आहे आणि पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं कार्यानुभव प्रशिक्षण आहे, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात. ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. रोज ६ तास धरले तर २० दिवस. या २० दिवसांत काय होतं, यावर कॉलेज कॉलेजात फरक पडतो. एका ठिकाणी मुली मनोविकार विभागाच्या बाहेर बसून केसपेपर लिहितात, रुग्णाच्या आजाराचा इतिहास घ्यायला शिकतात, डॉक्टरांच्या शेजारी बसून बघतात. दुसऱ्या ठिकाणी एखाद्या शाळेत 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर एक भाषण, चार पोस्टर आणि मुख्याध्यापकांची सही. कागदावर दोन्हीकडं १२० तासच.

तुलनेसाठी सांगते. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी सीएसीआरईपी नावाची संस्था आहे. तिच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला आधी १०० तासांचा सराव आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. या ७०० तासांपैकी किमान २८० तास प्रत्यक्ष माणसासमोर बसून काम केलेलं असावं लागतं. शिवाय त्या काळात दर आठवड्याला सरासरी एक तास जवळून आणि दीड तास गटात मार्गदर्शन. तिथली व्यवस्था वेगळी, पैसा वेगळा. आपल्या कॉलेजांनी उद्यापासून तसं करावं असं मी म्हणत नाही. पण या कामाला हात बसायला साधारण किती वेळ लागतो, याचा अंदाज त्या आकड्यांवरून येतो. आपले १२० आणि ते ७०० यांच्यामधली दरी आपल्याला स्वतः भरायची आहे. जे कॉलेज ती भरायला मदत करतं, ते माझ्या लेखी चांगलं कॉलेज. मग त्याची इमारत कशीही असो.

ही मदत म्हणजे सुपरव्हिजन. मराठीत पर्यवेक्षण म्हणतात, पण त्या शब्दानं परीक्षा हॉलमधले पर्यवेक्षक डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी सुपरव्हिजनच म्हणते. माझ्याच शिक्षणातला प्रसंग सांगते, म्हणजे कळेल. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्यासमोर एक मुलगा आला. बारावीनंतर दुसऱ्यांदा मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होता. म्हणाला, "मला मेडिकल नकोच आहे, पण आबांना सांगायची हिंमत होत नाही. त्यांनी क्लाससाठी रान गहाण टाकलंय." एवढं बोलून तो गप्प झाला. मी पाच-सहा सेकंद थांबले असेन, आणि लगेच म्हणाले, "अरे, आबांशी एकदा मोकळेपणानं बोल, ते समजून घेतील." तो "हो मॅडम" म्हणाला, उठला आणि पुन्हा कधीच आला नाही. मी डायरीत लिहिलं, 'योग्य सल्ला दिला.' डायरीवर सही झाली, गुणही मिळाले. कुणीच काही विचारलं नाही.

काही वर्षांनी एका अनुभवी बाईंकडं मी सुपरव्हिजनला जायला लागले तेव्हा हा मुलगा पुन्हा बोलण्यात आला. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "तो गप्प झाला तेव्हा तुला कसं वाटलं?" मी म्हणाले, "भीती वाटली. गहाण रानाचं ऐकून काय बोलावं ते सुचेना." त्या म्हणाल्या, "म्हणजे तो सल्ला कुणाची भीती घालवायला होता?" मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचं समजून घेणं, बिनशर्त स्वीकार, सच्चेपणा हे सगळं मला परीक्षेत लिहिता येत होतं. त्या पाच सेकंदांत ते मला करता आलं नव्हतं, आणि ते मला दाखवायला माणूस लागलं. त्या मुलाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तो कधीकधी आठवतो.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा हे विचारा. विद्यार्थ्यानं घेतलेल्या सत्रावर शिक्षक बसून बोलतात का? आठवड्याला की सत्राच्या शेवटी एकदा? बोलणं शब्दशः लिहून काढायला लावतात का? शिकवणाऱ्यांपैकी स्वतः समुपदेशन करणारं कुणी आहे का? पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना कमी लेखू नका, त्यांच्यातले कितीतरी जीव ओतून शिकवतात. पण ज्याला तासाचेच पैसे मिळतात आणि जो पुढच्या जूनला असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही, त्याच्याकडून दोन वर्षांच्या सुपरव्हिजनची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. आणि हेही विचारा की माहितीपत्रकातलं 'समुपदेशन मानसशास्त्र' हे स्पेशलायझेशन गेल्या वर्षी खरंच चाललं का. पुरेशी मुलं नसली तर कागदावरचा गट प्रत्यक्षात सुरू होत नाही, आणि तुम्हाला जो सुरू आहे त्यात बसावं लागतं.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. आपली पुस्तकं इंग्रजी, मोठ्या संस्थांच्या प्रवेश परीक्षा इंग्रजी, मुलाखती इंग्रजी. पण उद्या तुमच्यासमोर आटपाडीची जी बाई बसेल ती 'अँग्झायटी' म्हणणार नाही. ती म्हणेल, "जिवाची नुसती घालमेल होतीया." "जेवणात चव न्हाय, जिवाला कायच गोड लागंना." "डोसक्यात मुंग्या आल्यागत होतंय." कुणी म्हणेल, "बाहेरचं हाय, देवऋष्याकडं जाऊन आलोय, पन फरक न्हाय." तेव्हा देवऋष्यावरून तिला लाजवायचं नाही, आणि त्याच्याकडं जाऊन आराम पडतो असंही म्हणायचं नाही. याच्यामधली जागा कशी धरायची, हे इंग्रजी पुस्तकात सापडत नाही. वर्गात मराठीतून रोल-प्ले करूनच ते अंगवळणी पडतं.

मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा पुण्यातली नावाजलेली कॉलेजं इथं प्रवेश मिळत असेल तर जरूर जा. तिथलं वाचन, तिथले शिक्षक, बरोबरची मुलं यांनी माणूस घडतं. फक्त मुलाखतीत किंवा नंतर विचारून घ्या की प्रत्यक्ष काम मराठी बोलणाऱ्या माणसांसोबत मिळेल का. आणि कोल्हापूर-साताऱ्यात मराठीतून शिकणाऱ्या मुलींनी इंग्रजी वाचायची सवय सोडू नये. पेपर मराठीतून लिहा, पण एका उताऱ्याला अर्धा तास लागला तरी पुस्तक मूळ भाषेतून वाचा. दोन्ही भाषांत ये-जा करणारी मुलगी पुढं अडत नाही.

पैशांचं थोडक्यात. अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी यांच्या फीमध्ये मोठा फरक असतो, आणि एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात. तेव्हा कॉलेजचं नाव विचारून थांबू नका, तुकडी कुठली ते विचारा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे प्रवेशाआधी बघा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. घरी राहून शिकण्यात कमीपणा नाही. दोन वर्षांचं खोलीभाडं वाचलं तर ते पैसे पुढं एखाद्या चांगल्या सुपरव्हायझरच्या फीसाठी उपयोगी पडतात.

शिक्षक असलेल्यांसाठी वेगळी सोय आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा वर्षभराचा डिप्लोमा शाळेत काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच आखला आहे. काही महिने दूरस्थ, काही महिने समोरासमोर आणि मग स्वतःच्या गावाकडं इंटर्नशिप. बी.एड. झालेल्या, शाळेत दहा वर्षं घालवलेल्या बाईंना मी एम.ए.पेक्षा आधी हा सुचवते. बाकी एक-दोन महिन्यांच्या प्रमाणपत्रांबद्दल माझं मत कडक आहे. एम.ए. झाल्यावर एखादं कौशल्य वाढवायला ती ठीक, पण एम.ए.च्या जागी नाहीत.

नोकरीचा प्रश्न विचारणाऱ्या आईला आता मी पूर्वीपेक्षा बरं उत्तर देऊ शकते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबतच्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. खासगी क्लासही या सूचनांतून सुटत नाहीत. सांगली-मिरजेतल्या आणि साताऱ्यातल्या शाळा-कॉलेजांची, क्लासची संख्या मनात मोजून बघा. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांची मैत्री क्लिनिकं आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही फोनसेवा आहे. यातल्या बऱ्याच नेमणुका कंत्राटी असतात आणि पगार कमी असतो, हेही मी आईला सांगते. गरज मात्र खरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं आढळलं होतं.

शेवटी कॉलेज बघायला कधी जायचं? प्रवेशाच्या गर्दीत नको. तेव्हा सगळीकडं सतरंज्या, बॅनर आणि हसरे चेहरे असतात. साध्या मंगळवारी-बुधवारी जा. वर्ग भरतोय का बघा. कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलींजवळ बसा आणि विचारा, "ओजेटीला कुठं जाता? परत आल्यावर कोण विचारतं?" दुसऱ्या प्रश्नाला त्या क्षणभर एकमेकींकडं बघत राहिल्या, तर समजून जा.

मागच्या वर्षी जत तालुक्यातल्या एका मुलीला मी असंच पाठवलं होतं. दोन ठिकाणं बघायची होती. पहिल्या ठिकाणी तिला कपाट उघडून मागच्या बॅचच्या ओजेटी डायऱ्या हातात दिल्या, म्हणाले, बस, वाच. दुपारी दुसऱ्या ठिकाणाहून तिचा फोन आला, आवाज पडलेला.

"मॅडम, इथल्या बाईंनी डायरी बघायलाच दिली नाही. म्हणाल्या, त्यात लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत, त्या तुला कशा दाखवू? नुसता कोरा नमुना दाखवला."

"नमुन्यात काय काय रकाने आहेत?"

तिनं वाचून दाखवलं. शेवटचा रकाना पानाच्या अर्ध्याहून मोठा होता, मार्गदर्शकांचा शेरा लिहायचा.

"फॉर्म मिळतोय का आज?" मी विचारलं.

"खिडकी चारपर्यंत उघडी आहे म्हणतात."

"मग भरूनच ये."